मूळचे कुठले?

ताईचा फोन आला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. "अरे, तुझी पिकअप चार-पाच दिवस रिकामी आहे का? पोरीला थोडे दगड आणायचेत." भाचीने एम.एस्सी.ला भूशास्त्र घेतल्यापासून ताईच्या गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून गेल्या आणि त्यांच्या जागी दगड आले, हे मी बघतच होतो. पण मामाची गाडी म्हणजे ड्रायव्हरही मामाच, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

नाही म्हणायचं तसं कारण नव्हतं. बावीस वर्षं मी बोअरचा धंदा केला. आता मशिन विकून मोटर-पंपांचं दुकान टाकलंय, आणि जानेवारीत कुणाचे पंप जळत नाहीत. शिवाय मनात एक घमेंडही होती. पुणे, नगर, सातारा या तीन जिल्ह्यांत साडेसहा इंची भोकं पाडत हिंडलेल्या माणसाला पोरगी दगडांबद्दल नवीन काय सांगणार?

पहिला दिवस : पुण्यातल्या पुण्यात

पहिल्या दिवशी गाडी काढलीच नाही. "आधी घरचा दगड बघू," म्हणत ती मला सकाळी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराला घेऊन गेली. लहानपणी दर श्रावणी सोमवारी आई इथे आणायची, तेव्हा आमचं लक्ष प्रसादाकडे. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं हे लेणं अखंड कातळातून खाली खोदत नेलंय, एवढं ठाऊक होतं. नंदीच्या गोल मंडपाशेजारी उभी राहून भाची म्हणाली, "मामा, तू आत्ता लाव्हाच्या पोटात उभा आहेस." लोक दर्शनाला येत-जात होते. मी उगीच पायाखाली बघितलं.

तिथून वेताळ टेकडी. जुन्या दगडखाणीच्या कड्यासमोर ती थांबली आणि मग आमची खरी जुगलबंदी सुरू झाली. ती म्हणाली, "हा घट्ट बसाल्ट." मी म्हणालो, "काळा पाषाण. बिट, म्हणजे मशिनचं भोक पाडणारं टोक, खातो." तिने वरच्या भोकाभोकांच्या थराकडे बोट केलं. लाव्हातला वायू वर येताना अडकला की बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, पुढे त्यांत पांढरी खनिजं भरतात. मी म्हणालो, "आम्ही याला मांजऱ्या म्हणतो. बिट झरझर उतरतं." त्याहून वर एक विटकरी पट्टा होता. "हा गेरू," मी तिच्या आधीच बोलून टाकलं. "लागला की बोअर ढासळायची भीती. केसिंगचा पाइप घालावा लागतो." तिने वहीतून मान वर केली. "तू बावीस वर्षं लाव्हाचे प्रवाह मोजत होतास, मामा. फक्त वरून खाली."

गेरूचा अर्थ मात्र मला माहीत नव्हता. एक प्रवाह ओतला जातो, थंड होतो, उघड्यावर पडून राहतो, पावसापाण्याने त्याची वरची कातडी माती होते. मग पुढचा प्रवाह येतो आणि त्या मातीला भाजून काढतो. म्हणजे बोअर मारताना तांबडं पाणी आलं की आम्ही शिव्या घालायचो, ते दोन लाव्हांमधलं मधलं सुट्टीचं वर्ष. वर्ष कसलं, हजारो वर्षं.

त्या पांढऱ्या खनिजांसाठी पुणे जगभर ओळखलं जातं, हेही त्याच दिवशी कळलं. पाषाणच्या टेकड्यांतलं हिरवं अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट बाहेरच्या देशांतल्या संग्रहालयांत काचेआड मांडलेलं असतं. मी वाघोलीत चाळीस तरी बोअर मारले असतील. निळा चुरा कधी आला असेल तर तो गटारात गेला.

खाली उतरताना एक आजोबा भेटले, रोजचे टेकडीवाले. खांद्यावरची हातोडी बघून त्यांनी चौकशी केली, मग पुण्यात जो प्रश्न येतोच तो आला: "मूळचे कुठले तुम्ही?" मी म्हणालो, कसबा पेठ, सात पिढ्या. आजोबा खूश झाले. ते गेल्यावर भाची हसायला लागली. "सात पिढ्या! ज्या दगडावर पेठ उभी आहे तोच मूळचा इथला नाहीये."

"म्हणजे? दगड काय ट्रकने आणला?"

"दगड इथेच ओतला गेला. पण 'इथे' तेव्हा इथे नव्हतं."

हे वाक्य मी त्या रात्री घोळवत झोपलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा भारताचा अख्खा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, साधारण २० ते ३० अंशांच्या दरम्यान. आज पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. आज खालच्या त्या पट्ट्यात मॉरिशस आणि रियुनियन बेटं आहेत.

दुसरा दिवस : बोरी, आणि कातळावरची फवारणी

पहाटे पाचला निघालो. मंचर, नारायणगाव, टोमॅटोच्या क्रेट भरलेले टेम्पो, 'बिबट्यापासून सावधान'चे फलक. काच खाली केली की थंडी कानात शिरत होती. आळेफाट्याच्या अलीकडे चहा घेऊन आम्ही कुकडीकाठच्या बोरी गावाकडे वळलो.

भाचीला इथे नमुने घ्यायचे नव्हते. "हे तुझ्यासाठी," ती म्हणाली. नदीच्या उंच मातीच्या काठावर, पिवळट गाळाच्या मधोमध एक फिकट करडा पट्टा दिसत होता. कुठे बोटभर, कुठे वीतभर. चिमूट घेऊन बोटांत चोळली तर रांगोळीसारखी, पण जास्त मऊ. तिने भिंग दिलं. आधी नुसतं चमचमताना दिसलं, मग डोळा बसल्यावर कळलं: काचेच्या कपच्या. वाकड्या, धारदार, फुटलेल्या बल्बच्या तुकड्यांसारख्या.

"ही राख. ज्वालामुखीची."

"आपल्या?"

"छे. सुमात्राची."

टोबा नावाचा ज्वालामुखी साधारण ७४,००० वर्षांपूर्वी असा उडाला की तिथे आज शंभर किलोमीटर लांबीचं तळं आहे, आणि त्याची राख तीन हजार किलोमीटरहून लांब उडत येऊन जुन्नर तालुक्यात पडली. वाऱ्याने आणली, पावसाने धुतली, नदीने या काठाला साठवली. मोरगावला कऱ्हेच्या काठीही अशीच राख आहे. मयूरेश्वराच्या दर्शनाला किती वेळा गेलो असेन. इथे बोरीला राखेच्या आसपास आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या, म्हणून १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी या काठावर बरंच काम केलं. राखेच्या वयावरून नंतर संशोधकांत खूप वाद झाले. शेवटी काचेच्या कपच्यांमधली रसायनं मोजून ती टोबाच्या राखेशी ताडून बघितली गेली.

माझा प्रश्न साधा होता. आपला लाव्हा मुकाट्याने वाहिला आणि थरावर थर रचत गेला, मग तो टोबा आकाशात का उडाला? त्याचं उत्तर दुपारी एका खानावळीत मिळालं. ताटात पिठलं होतं आणि वाटीत आमटी. भाची आमटीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा दख्खनचा लाव्हा. पातळ. सांडला की पसरतो." मग पिठलं. "हे टोबा. घट्ट. पिठलं शिजताना काय होतं?" फदफदतं. बुडबुडा वर यायला वाट मिळत नाही, आणि आला की हातावर चटका देऊन फुटतो. बायकोला विचारा.

पण घट्ट का? तर सुमात्राच्या पश्चिमेला, समुद्राच्या तळाशी, आपल्याच प्लेटचं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या ज्या सरकत्या तुकड्यावर भारत बसलाय त्याचं, समुद्री टोक सुमात्राखाली घुसतंय. ओल्या समुद्रतळाचा तुकडा खोल गेला की त्यातलं पाणी निघून वरच्या तप्त खडकात शिरतं, आणि पाणी मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळतो. तो रस वर येता येता कवच वितळवत, रसाला घट्ट करणारी सिलिका वाढवत, वायू कोंडत येतो. म्हणजे टोबा उडाला तोही आपल्याच प्लेटच्या धक्क्याने. २६ डिसेंबर २००४ ला त्याच सीमेवर ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीने दोन लाखांहून जास्त माणसं नेली, तेव्हा टीव्हीसमोर बसून आपण सगळे 'इंडोनेशियात' म्हणत होतो. प्लेटच्या हिशेबात ते आपल्याच वावराचा बांध होता.

"या प्लेटला ओढतं तरी कोण?" मी भाकरी मोडत विचारलं. पृथ्वीच्या आतली उष्णता वगैरे शाळेत शिकलो होतो. तिने वेगळंच सांगितलं. पलंगावरची गोधडी एका बाजूने खाली घसरली की लोंबणाऱ्या भागाचं वजनच उरलेली गोधडी ओढत नेतं. समुद्रतळाचं कवच जुनं होत जातं तसं थंड आणि जड होतं, आणि जिथे खाली बुडतं तिथे आख्ख्या प्लेटला मागून खेचून घेतं. ढकलणारेही आहेत, पण मोठं काम या ओढीचं. मला पटलं. आमच्या घरी ती गोधडी रोज पहाटे तीनला जमिनीवर असते.

दुपारनंतर खरं काम. जुन्नरच्या वाटेवर एक शेतकरी माझ्या ओळखीचे. त्यांच्या ओढ्यात कातळ उघडा पडलाय. परवानगी फोनवर घेतली होती. गाडीतून मशिन उतरलं तेव्हा मला हसू आवरेना. झाडं कापायच्या करवतीचं छोटं पेट्रोल इंजिन, पुढे एक इंची पोकळ बिट, टोकाला हिऱ्याची धार. आणि बिट थंड ठेवायला पाणी? त्यासाठी पाठीवरचा फवारणीचा पंप. पंप अर्थातच माझ्या पाठीवर.

शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कातळावर कसली फवारणी करताय?"

भाचीने त्यांना मन लावून समजावलं, आणि मलाही तेव्हाच नीट समजलं. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे बारीक कण असतात. ५८० अंशांच्या वर त्यांना चुंबकत्व टिकवता येत नाही. लाव्हा थंड होत त्याच्या खाली आला की त्या घटकेला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिकडे असेल तिकडची दिशा ते कण धरून ठेवतात, कायमची. आता मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, आणि ध्रुवाकडे जावं तशी जास्त झुकत जाते. म्हणजे दगडातली 'सुई' किती झुकलीय ते मोजलं की तो दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते निघतं. पुण्याच्या अक्षांशावर हा झुकाव सरासरी ३४ अंश यायला हवा, आणि उत्तरेकडे. दख्खनच्या बहुतेक दगडांत तो ४५ अंशांच्या आसपास, आणि सुईचं तोंड दक्षिणेकडे करून खाली येतो. तोंड दक्षिणेला, कारण सह्याद्रीतला बराचसा लाव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असण्याच्या काळात ओतला गेला. आणि खाली, कारण ती जागा तेव्हा दक्षिण गोलार्धात होती.

१९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या तिघा संशोधकांनी दख्खनचा बसाल्ट असाच मोजला आणि भारत दक्षिणेकडून आलाय असं मांडलं. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड सरकतात असं म्हटल्याला तेव्हा चाळीस वर्षं उलटून गेली होती आणि तरी बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याला हसत होते. साक्षीला उभा राहिला तो आपला खडीचा, फरशीचा, पायरीचा दगड.

मोजमाप ऐकायला सोपं. हाताने करताना जीव जातो. बिट बोटभर आत गेलं की थांबायचं. आतली दगडाची कांडी तळाशी अजून जोडलेली हवी. मग तिच्याभोवती फटीची एक नळी बसवायची, फटीतून पितळी तारेने कांडीवर रेघ ओढायची, झुकाव वाचायचा, दिशा मोजायची. होकायंत्राचा भरवसा नाही, कारण कातळच सुईला ओढतो. म्हणून काडीची सावली कुठे पडली आणि घड्याळात किती वाजले ते लिहायचं. एवढं झाल्यावर मगच स्क्रूड्रायव्हरने कांडी हलकेच मोडायची. आधी तुटून ती नळीत फिरली की गेली. कुठली बाजू कुठे होती ते कुणालाच सांगता येत नाही.

चौथी कांडी माझ्यामुळे फिरली. पंपाचा दाब उतरला होता, माझं लक्ष शेतकऱ्यांशी गप्पांत. बिट तापलं, अडकलं, कांडी कट्‌कन तुटली. भाची पंधरा मिनिटं माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग बिट सोडवायचं काम माझ्याकडे आलं. ते मात्र मला येतं: जोर लावायचा नाही, पाणी सोडत उलट-सुलट हलवत राहायचं. निघालं. तिने नुसती मान डोलावली. नंतरच्या पाच कांड्या नीट निघाल्या.

निघताना शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोअरवाले भाऊ, तुम्ही मारलेलं ते दोन उन्हाळ्यांत आटलं, बरं का." मी म्हणालो, मांजऱ्या पातळ होता. ते म्हणाले, पैसे जाड घेतले होते.

तिसरा दिवस : नाणेघाट

जुन्नरहून चावंड उजवीकडे ठेवून घाटघरला गेलो. वाटेत पूरजवळ कुकडेश्वराचं देऊळ, तिथून कुकडी निघते. कालची राख याच नदीने साठवली.

नाणेघाटाबद्दल नवीन काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. सातवाहनांची वाट, गुहेतला नागनिकेचा लेख, जकातीचा रांजण, सगळं सगळ्यांनी बघितलंय. रविवार असल्याने त्या दिवशीही बघत होते, स्पीकर लावून. आम्ही नानाच्या अंगठ्याच्या कडेला, जरा लांब जाऊन बसलो. समोर जमीन संपते. खाली कोकण, वैशाखऱ्याची कौलं, धुकं.

कड्याकडे तोंड करून भाची म्हणाली, "पायऱ्या मोज." जीवधनच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात ना, तेच: उभा कडा, मग उतार, परत उभा कडा. घट्ट दगड उभा राहतो, मांजऱ्या आणि गेरू झिजून उतार होतो. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतला जिना आहे. मी चौदापर्यंत मोजलं आणि धुक्याने पुढचे पुसले. सह्याद्रीत काही ठिकाणी ही रास दोन किलोमीटरहून जाड आहे. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलाय; झिजण्याआधी आणखी किती असेल कोण जाणे. अभ्यासकांनी या जिन्यातल्या टप्प्यांना गावांचीच नावं दिलीत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. वाचताना एस.टी.च्या फलाटावर उभं असल्यासारखं वाटतं.

मग तिने वाटण्यांची गोष्ट सांगितली. गोंडवन हे मोठं एकत्र कुटुंब. नावही आपल्याकडच्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेलं. आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर, भारत, सगळे एका छपराखाली. मग फुटाफूट. मादागास्कर आपल्यापासून साधारण पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. शेवटची वाटणी सेशेल्सची, दख्खनचा लाव्हा ओतून होतो न होतो तोच. म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून पश्चिमेला पूर्वी जमीनच होती. ती निघून गेली आणि मधे अरबी समुद्र आला. फाटलेल्या काठाला झीज लागली. पावसाने कडा कुरतडत कुरतडत पूर्वेला मागे आणला, आणि त्याच्या मागे सोडलेली पट्टी म्हणजे कोकण. घाट हा रांगेसारखा दिसतो पण तो डोंगर नसून पठाराची तुटकी कड आहे, हे ऐकून मी परत एकदा मागे वळून बघितलं. खरंच, मागे सगळं सपाट. आणि त्या सपाटीचा उतार पूर्वेला, म्हणून पश्चिमेचा समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत असूनही पायाशी उगवलेली कुकडी घोडेत, भीमेत, कृष्णेत मिसळून पार बंगालच्या उपसागराला जाते.

लाव्हा ज्या विस्तवावरून ओतला गेला तो अजून विझलेला नाही. तो आता रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस, रियुनियन: नकाशावर ठिपके ओळीने खाली जातात. मला हे माझ्या पद्धतीने लगेच कळलं. मशिन एकाच जागी उभं आहे, जमीनच वरून सरकत चाललीय, आणि मशिनवाला मधूनमधून नवं बोअर मारतोय.

सरकली किती? मी मोबाइलवर हिशेब केला. दक्षिणेच्या पंचवीस अंशांपासून इथवर, म्हणजे जवळजवळ पाच हजार किलोमीटर. सहा कोटी साठ लाख वर्षांनी भागलं तर वर्षाला सात-साडेसात सेंटिमीटर. सरासरीत गंमत हरवते, भाची म्हणाली. लाव्हा वाहत होता त्या सुमारास भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने पळत होता, प्लेटच्या मानाने हे बेफाम. मग साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला, हिमालय उचलला, आणि वेग उतरला. आता वर्षाला पाचेक सेंटिमीटर, ईशान्येकडे. पानिपतची लढाई झाली त्या १७६१ पासून आजवर पुणे स्वतः तेरा मीटर सरकलंय, पर्वतीसकट. मुंबई-पुणे अंतर मात्र तेवढंच, कारण दोघं एकाच गोधडीवर.

उतरताना चहाच्या टपरीवर गाडीची चावी विसरलो. अर्ध्या वाटेवरून परत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चौथा दिवस : कोयना

मधे तीन दिवस दुकान. गुरुवारी परत निघालो, सातारा, उंब्रज, पाटण करत कोयनानगर. खंबाटकीत रस्त्याच्या कापणीत गेरूचे पट्टे दिसले की आता मीच ब्रेक लावत होतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

हेळवाकला माझी आत्या राहते, सत्तरीच्या जवळ आलेली. जेवताना भाचीने विचारल्यावर ती १९६७ चं सांगायला लागली. अकरा डिसेंबरची पहाट, चार वाजून गेलेले, कडाक्याची थंडी. "आधी कुत्री गप झाली," ती म्हणाली. "मग गुरांनी दावी तोडली. मग घरच हललं." दगडमातीच्या भिंती आत कोसळल्या. तिच्या वडिलांनी तिला खिडकीतून बाहेर फेकलं, त्यात हात मोडला, तो अजून थंडीत दुखतो. त्या भूकंपात १८० च्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धक्का पुण्या-मुंबईतही जाणवला.

भूकंप प्लेटांच्या काठावर होतात हे आपण ऐकलेलं असतं, आणि काठ इथून हजारभर किलोमीटर लांब आहे. दख्खन म्हणजे स्थिर, जुना, निवांत, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. मग हे कसं? भाची म्हणाली, "तुझ्या पिकअपचा पुढचा बंपर भिंतीला टेकवून ॲक्सिलरेटर दाबून ठेव. काय होईल?" मागच्या फाळक्याची कडी निघते, हे मला अनुभवाने माहीत आहे. प्लेट हिमालयाला रेटून उभी आहे, ओढ थांबलेली नाही; तो ताण आतल्या जुन्या भेगांवर साठतो आणि कुठेतरी सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जन आटोपून लोक झोपले होते त्या पहाटे, किल्लारीत सुटला आणि हजारो माणसं गेली.

कोयनेला आणखी एक गोष्ट होती. १९६२ पासून धरणात पाणी साठू लागलं आणि धक्के जाणवू लागले. पाणी भेगांत झिरपत खाली गेलं की भेगांच्या आतला दाब वाढतो, आणि आवळून धरलेले दोन काठ घसरायला सोपे होतात. ताण प्लेटचा, निमित्त पाण्याचं. तेव्हापासून पाच किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसपेक्षा अधिक भूकंप या पट्ट्यात झालेत, छोट्यांची गणतीच नाही. पावसाळ्यात धरण भरलं की आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की जमीन जास्त कुरकुरते. जगात दुसरीकडे कुठे इतक्या लहान जागेत हा खेळ इतकी वर्षं चाललेला नाही, म्हणून शास्त्रज्ञ इथे येऊन बसलेत. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे.

आणि आता माझ्या धंद्याची गोष्ट. त्यांनी इथे बोअर मारलंय. भाचीने हे मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं. माझं सगळ्यात खोल बोअर ७२० फूट, वाघोलीत, आणि ते मी लग्नकार्यात अजून सांगतो. गोठणे गावाजवळचं हे बोअर तीन किलोमीटर खोल. २०१७ मध्ये पूर्ण झालं. मी तीनदा विचारलं, फूट की मीटर? मीटर. तीन हजार.

त्यात काय लागलं ते ऐकताना मी जेवायचा थांबलो. वरून १,२४७ मीटरपर्यंत बसाल्ट: काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू, पुन्हा काळा पाषाण, आपला ओळखीचा क्रम. आणि मग एकदम ग्रॅनाइट. मधे ना वाळू, ना गाळ, ना समुद्राचा चुनखडक. लाव्हा थेट उघड्या जुन्या ग्रॅनाइटवर सांडला होता. आणि तो ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना.

म्हणजे कसबा पेठेखालचा काळा कातळ, ज्याला आम्ही 'मूळ' म्हणतो, तो पागडीवर राहायला आलेला भाडेकरू. घरमालक खाली आहे, त्याला कुणी बघितलेलं नाही, आणि तोही सगळं बिऱ्हाड घेऊन दक्षिणेकडून आलाय. मी हे भाचीला म्हणालो तर ती म्हणाली, "हे मी प्रबंधात लिहिलं तर सर काढून टाकतील."

पाचवा दिवस, सकाळपर्यंत

रात्री कधीतरी दाराची कडी खुळखुळली. मी उठून बसलो. आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "नीज रे. वारा असेल. नाहीतर ते असेल." बोलून ती कुशीवर वळली. भाचीने मोबाइल काढून वेळ लिहून घेतली.

सकाळी धरणाच्या खालच्या अंगाला, रस्त्याच्या कापणीत सहा कांड्या काढल्या. पंपाचा दाब मी एकदाही उतरू दिला नाही. कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येकीवर बाण आणि नंबर घालून, पेटीत उभ्या लावल्या.

निघताना आत्याने तांदळाच्या पिठाची पिशवी दिली, काकडीचं लोणचं दिलं, आणि गाडीच्या खिडकीशी येऊन थांबली. रात्रीपासून तिच्या डोक्यात काहीतरी होतं.

"त्या गोठण्याला तीन किलोमीटर मारलं म्हणालास ना?"

"हो."

"मग पाणी लागलं का?"

मी भाचीकडे बघितलं. भाची पेटीवरची दोरी आवळत होती.